तुमचे प्रश्न : दारू सोडायची आहे, मीटिंग कुठे भरते?

प्रश्न : वय 41. रोज संध्याकाळी एक क्वार्टर, सुट्टीला जास्त. दोनदा सोडली, नवव्या-दहाव्या दिवशी पुन्हा सुरू. नेटवर 'ए.ए.'च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) मीटिंगचा पत्ता मिळाला, तिथे गेलो तर शाळेच्या फाटकाला कुलूप. शिवाय गावात सगळे ओळखतात. काय करू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी एक विचारतो. सकाळी हात थरथरतात का? घाम फुटतो, प्यायल्यावरच बरं वाटतं, असं होतं का? पूर्वी दारू थांबवल्यावर कधी फिट आली होती का? यातलं एकही होत असेल, तर एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना भेटा. शरीराला दारूची सवय झालेली असताना ती अचानक तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, बडबड, स्थळ-काळाचा गोंधळ होऊ शकतो आणि त्यात जीवही जातो. डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस औषधं घेऊन हा टप्पा सुरक्षित पार पडतो. मीटिंग त्यानंतर किंवा त्याच्या जोडीने.

आता कुलपाचं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस भारतात 1957 पासून आहे, पण तिच्या समूहांना सहसा स्वतःची जागा नसते. शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, दवाखान्यातली खोली, जे मिळेल ते. परीक्षा आल्या, दिवाळीची सुट्टी लागली किंवा वर्गात मतदान केंद्र आलं, की मीटिंग दुसरीकडे हलते आणि नेटवरच्या यादीत मात्र जुनाच पत्ता राहतो. त्यामुळे यादीतून पत्त्याच्या आधी फोन नंबर घ्या. संध्याकाळी 7 ते 9 लागला नाही, तर फोन घेणारे स्वतःच मीटिंगमध्ये बसलेले असतील. दुपारी पुन्हा लावा. यादीच मिळाली नाही, तर व्यसनमुक्तीच्या 14446 या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करा.

फोनवर विचारा : गेल्या आठवड्यात मीटिंग झाली का? वार, वेळ, भाषा? खुली (कुणालाही येता येतं) की बंद (फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी)? आणि आत कुठून यायचं? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण माणसं परत फिरतात ती इथेच. संध्याकाळी सातला शाळा अंधारी असते, मुख्य फाटक बंद, बाजूचं दार उघडं, दुसऱ्या मजल्यावर एकाच वर्गात दिवा. 'मी पहिल्यांदाच येतोय, कुणी फाटकाशी थांबेल का?' असं मोकळेपणी सांगा. आनंदाने थांबतात.

ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती असेल, तर पहिल्या काही मीटिंग शेजारच्या शहरात करा. आणि तिथे ओळखीचा भेटलाच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असेल. आधार कार्ड नाही, फी नाही, आडनावही लागत नाही. खुर्च्या, चहा, थोडं वाचन, मग एकेक जण स्वतःबद्दल बोलतो. मध्ये कुणी तोंड घालत नाही. तुमची पाळी आली, की 'आज फक्त ऐकतो' एवढं पुरतं. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते, नव्या माणसाने त्यात काही टाकायची गरज नाही.

तुमची घसरण नवव्या-दहाव्या दिवशी होते, म्हणजे आठवड्यात एक मीटिंग कमी पडेल. पिण्याची वेळ संध्याकाळची, तीच वेळ भरून काढायची. गावात रोज मीटिंग नसेल, तर मधल्या दिवशी ऑनलाइन बसा. पहिल्याच दिवशी दोन-तीन सभासदांचे नंबर घ्या आणि तलफ आली की फोन करा. पहिला पेग पोटात गेल्यावर केलेल्या फोनचा फारसा उपयोग होत नाही. एक समूह जमला नाही, तर दुसरा पाहा. पाच-सहा मीटिंग झाल्याशिवाय मत बनवू नका.

प्रश्न : नवरा म्हणतो, 'मला काही झालेलं नाही.' मीटिंगला मी गेले तर चालेल? जाऊबाई चहातून गोळी द्यायला सांगतात.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, गोळी अजिबात देऊ नका. दारू सोडवण्याची म्हणून ज्या गोळ्या मिळतात, त्यात बहुधा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना माणूस प्यायला, की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर मृत्यू येऊ शकतो. परिणाम गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. डॉक्टर ती देतात तेव्हा तपासण्या करून, रुग्णाला सांगून आणि त्याची संमती घेऊन देतात.

तुम्ही मात्र जरूर जा. ए.ए.च्या खुल्या मीटिंगला घरची माणसं चालतात. खास कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे, किशोरवयीन मुलांसाठी अ‍ॅलाटीन. नवरा येवो न येवो, तिथे तुमचं जाणं थांबत नाही. त्याची उधारी फेडणं, ऑफिसला 'ताप आलाय' म्हणून कळवणं कसं थांबवायचं, हे तिथे इतर बायकांकडून कळतं. पुण्यात 1986 पासून चालणाऱ्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राकडेही पत्नींच्या गटाची चौकशी करा. त्याने कधी 'बोलून बघतो' म्हटलं, तर ए.ए.ला फोन करा. बहुधा दोन सभासद घरी येऊन त्याच्याशी बोलतात. तो शुद्धीत असेल, अशी सकाळची वेळ द्या.

प्रश्न : मी देव मानत नाही. प्रार्थना म्हणावी लागते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. सभासद व्हायला दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभे राहा, कुणी विचारणार नाही.