वाळलेल्या काडीवरच्या मिलिमीटरभर पेलाबुरशीला नाव कसं द्यायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: इंग्लंडमध्ये घरामागच्या ओढ्याकाठी नेटलच्या (अंगाला खाज आणणाऱ्या रानझुडपाच्या) गेल्या वर्षीच्या वाळक्या काड्यांवर खसखशीएवढ्या पिवळ्या वाट्या दिसल्या. मोबाइलवर फोटो काढले, नवा मायक्रोस्कोपही घेतलाय. आता नेमकं काय पाहिलं म्हणजे नाव कळेल?

मीही इंग्लंडातच राहते आणि गेली काही वर्षं याच काड्या उचलतेय, म्हणून सविस्तर लिहिते. फोटोवरून नाव सांगणार नाही. नेटलच्या एकाच काडीवर पिवळ्या-नारिंगी रंगाच्या बऱ्याच जाती येतात. वसंतात आल्या असतील, देठ नसेल आणि बोटाला जेलीसारख्या लागत असतील तर कॅलोरिया निग्लेक्टा असू शकते. शरद ऋतूत काडीला चिकटून बसलेल्या फिकट पिवळ्या चकत्या म्हटल्यावर माझ्या मनात आधी कॅलिसिना हर्बारम येते. वाटीच्या कडेला मुकुटासारखे दाते असतील तर सायाथिक्युला कोरोनाटा, आणि बाहेरून गंधकासारखे पिवळे केस असतील तर ट्रायकोपेझायझा सल्फ्युरिया. हे सगळे अंदाजच आहेत. पण अंदाज बांधायलासुद्धा काडी कुठल्या झाडाची आणि महिना कोणता, हे वहीत लिहिलेलं लागतं. ते आधी लिहा, मायक्रोस्कोप नंतर.

आता मुख्य गोष्ट. बुरशी जिवंत असताना पाहा, आणि सगळ्यात आधी साध्या पाण्यात पाहा. सुरुवातीला मी छत्रीच्या अळंब्यांची सवय इथे वापरली. काड्या हीटरवर वाळवल्या, पाकिटात ठेवल्या आणि सवडीने पोटॅशमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) भिजवून मापं घेतली. या वाट्यांमध्ये बीजाणू लांबट पिशव्यांत तयार होतात, बहुधा एका पिशवीत आठ. या पिशवीला अ‍ॅस्कस म्हणतात. जिवंत अ‍ॅस्कस पाण्याने टरारलेला असतो. मेला की आकसतो, आणि रुंदीचं माप चुकतं. बीजाणूंमधले तेलाचे थेंब एकमेकांत मिसळतात. पिशव्यांच्या मधे जे वांझ तंतू असतात, त्यांच्यातले चकाकणारे गोळे नाहीसे होतात. माझी मापं कुठल्याच वर्णनाशी जुळेनात, आणि दोष पुस्तकाचा आहे असं मला वाटत राहिलं. हान्स-ओटो बाराल या जर्मन अभ्यासकाने १९९२ साली हीच गोष्ट ठासून मांडली होती. जिवंत पेशींत जे दिसतं, त्यातलं पुष्कळसं वाळवलेल्या नमुन्यात उरत नाही. काड्या छोट्या डबीत, किंचित ओलसर टिश्यूबरोबर फ्रिजमध्ये ठेवा. काही दिवस टिकतात.

दाढीच्या नव्या ब्लेडने वाटीचा उभा, शक्य तितका पातळ काप घ्या. पाण्याच्या थेंबात ठेवून वर कव्हरस्लिप टाका आणि पेन्सिलच्या मागच्या रबराने हलकेच टकटक करा. १०० च्या ऑइल इमर्शन लेन्सशिवाय इथे भागत नाही. नेत्रभिंगातली मोजपट्टी स्टेज मायक्रोमीटरवर (अचूक मापाच्या खुणा कोरलेल्या काचपट्टीवर) तपासून घ्या, नाहीतर पुढची सगळी मापं व्यर्थ. बीजाणू मोजायचे ते पिशवीतून आपसूक बाहेर पडलेले, निदान वीस तरी. पिशवीच्या आतले अजून पिकलेले नसू शकतात.

मग आयोडीन. कव्हरस्लिपच्या एका कडेला लुगॉलचा, म्हणजे आयोडीनच्या पाण्यातल्या द्रावणाचा, थेंब ठेवा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढून घ्या. डोळा लेन्सवरून काढू नका. हायमेनोसायफस या पेलाबुरशीच्या प्रजातीतल्या अनेक जातींत अ‍ॅस्कसच्या टोकाशी दोन बारीक निळ्या रेषा उमटतात. ती खरं तर एक कडी असते, बाजूने पाहिल्यामुळे दोन रेषा दिसतात. काही जातींत ती निळी न होता लाल होते. इथे घात होतो तो मेल्झरच्या, म्हणजे दुसऱ्या एका आयोडीनच्या द्रावणाने. त्यात क्लोरल हायड्रेट असतं, आणि लुगॉलमधली ती लाल खूण मेल्झरमध्ये अनेकदा दिसतच नाही. कापाला आधी पोटॅश लागलेलं असेल तर तीच खूण निळी येते. म्हणून पाणी, मग लुगॉल, आणि पोटॅशसाठी वेगळा ताजा काप. पोटॅश टाकल्यावर रंग पिवळा झाला का, तेही नोंदवा. मोलिसिया नावाच्या राखाडी पेलाबुरश्यांत ही खूण फार कामाची आहे.

शेवटी अ‍ॅस्कसचा पाया. नवीन माणूस तिथे बघतच नाही, मीही बघत नसे. काही जातींत पायाशी गळासारखा आकडा असतो, काहींत नुसता सरळ आडवा पडदा. एवढ्याशा फरकाचं मोल ॲश या युरोपातल्या मोठ्या वृक्षांनी दाखवलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडमध्ये ॲश वाळू लागले. २००६ साली तादेउश कोवाल्स्कींनी त्यामागची बुरशी कॅलारा फ्रॅक्सिनिया म्हणून वर्णन केली. नंतर वाटलं की हिची पेल्याची अवस्था म्हणजे युरोपात एकोणिसाव्या शतकापासून माहीत असलेली, निरुपद्रवी हायमेनोसायफस अल्बिडस. ॲशच्या गळालेल्या पानांच्या शिरांवर दोघींच्याही तशाच पांढऱ्या वाट्या येतात. डीएनए पाहिल्यावर कळलं की ही वेगळीच जात आहे, मूळची पूर्व आशियातली. आज तिला हायमेनोसायफस फ्रॅक्सिनियस म्हणतात. २०१२ मध्ये ती ब्रिटनमध्येही सापडली. मायक्रोस्कोपखाली दोघींना वेगळं करणारी खूण त्या पायाशीच आहे: फ्रॅक्सिनियसला आकडा असतो, अल्बिडसला नसतो. आमच्या गल्लीच्या टोकाचा ॲश दोन वर्षांपूर्वी तोडला, तेव्हापासून कुठलीही वाटी कापली तरी मी पाया बघितल्याशिवाय स्लाइड धुवत नाही. आकडा दिसायला त्रास होत असेल तर काप आणखी दाबून पसरवा आणि काँगो रेड हा रंग द्या, पेशींच्या भिंती लाल होऊन उठून दिसतात.

तुमच्या पिवळ्या वाट्यांबद्दल मला एवढं कळवा: महिना कोणता, देठ आहे की नाही, बाहेर केस आहेत का, जिवंत बीजाणूंची लांबी-रुंदी, पिकलेल्या बीजाणूत मधे पडदा दिसतो का, आणि लुगॉलमध्ये टोकाचं काय झालं. कॅलिसिना हर्बारम असेल तर पिकलेला बीजाणू शेवटी मधोमध पडद्याने दोन कप्प्यांचा होतो, ते आधी शोधा. आणि काड्या टाकून देऊ नका, दोन-तीन तुकडे फ्रिजमध्ये राहू द्या. पहिल्याच कापात सगळं कधी मिळत नाही.