रासबेरी की लॉन? नेरूळच्या अंगणातला तंटा

(घोडबंदर रोडवर अनेक वर्षं रोपवाटिका चालवलेल्या ताई या सदरात वाचकांच्या बागकामाच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : ताई, नेरूळला आमचं रो-हाऊस आहे. पुढे बारा बाय वीस फुटांची मोकळी जागा आहे. ह्यांना तिथे लॉन हवी आहे, सकाळी चहाचा कप घेऊन अनवाणी फिरायला. मला रासबेरी लावायची आहे. मुलीकडे स्कॉटलंडला गेलो होतो, तिच्या परसात कुंपणाला नुसती लगडली होती, आणि खाली गवतही हिरवंगार. अर्ध्यात लॉन, अर्ध्यात रासबेरी असं जमेल का? दोघांना पाणी-खत सारखंच लागतं ना?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : तुमच्या घरातला तंटा मिटवायचा तर एकाला नाराज करावंच लागेल, आणि ती पाळी तुमच्यावर आली आहे. तिकडची लाल रासबेरी नेरूळला जगेल कदाचित, फळणार नाही.

तिला थंडी लागते, आणि तीही मोजून. बहुतेक लाल जातींना हिवाळ्यात साधारण 800 ते 1600 तास पारा 7 अंशांच्या खाली हवा असतो. तेवढी झोप झाली तरच वसंतात डोळे नीट फुटतात. आता आपल्याकडचं बघा. सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवरचं सगळ्यात कमी तापमान नोंदलं गेलं ते 22 जानेवारी 1962 ला, 7.4 अंश. म्हणजे विक्रमी थंडीच्या रात्रीसुद्धा रासबेरीचा एक तास भरला नाही. फ्रीजमधला बर्फ कुंडीत टाकून हे जमत नाही. विचारणारे विचारतात, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मुलीकडे दोन्ही शेजारी सुखाने नांदतात, कारण तिकडचं गवत थंडीचं आहे, राय आणि फेस्क्यूच्या जातीचं. आपली हरळी बरोबर उलट स्वभावाची. 27 ते 35 अंशांत ती जोमाने पसरते आणि गारठ्यात पिवळी पडते. तेव्हा तुमच्या अंगणाचं हवामान ह्यांच्या बाजूने आहे, तुमच्या बाजूने नाही.

पाण्याचं म्हणाल तर मापात फारसा फरक नाही. दोघांनाही आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर लागतं, आपल्या उन्हाळ्यात थोडं जास्तच. तुमच्या पूर्ण जागेचा हिशेब केला तर साडेपाचशे लिटरच्या आसपास, टँकरच्या दिवसांत ह्यांनी तो आधी करून ठेवावा. फरक आहे तो देण्याच्या पद्धतीत. लॉनला वरून फवारलेलं चालतं, मात्र सकाळी. रासबेरीला बुंध्याशी ठिबक हवं, कारण फळावर पाणी बसलं की राखाडी बुरशी धरते. आणि मुळाशी पाणी साचलेलं तिला अजिबात खपत नाही, मुळं कुजतात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे काय होतं ते तुम्ही बघताच.

खताच्या बाबतीत तर दोघी सवतीच. लॉन नत्र मागते, दर वेळी कापलं की पुन्हा भूक. रासबेरीला तेवढं नत्र दिलंत तर छड्या मऊ आणि नुसता पालाच पाला. तिला किंचित आंबट, म्हणजे साडेपाच ते साडेसहा पीएचची, निचऱ्याची माती आणि वर पाल्याचं जाड आच्छादन पुरतं. शिवाय तिची मुळं वरच्या थरातच असतात, त्यामुळे गवत बुंध्याला भिडलं की पाणी-खत आधी गवतच खातं. जिथे रासबेरी होते तिथेही दोन्हींत दोन-तीन फुटांची मोकळी पट्टी ठेवतात. ती नसेल तर रासबेरीचे फुटवे लॉनच्या मधोमध उगवतात आणि ह्यांच्या अनवाणी पायाला काटा.

आता तुमच्या जागेचं. नवी मुंबईत वरची बोटभर लाल माती खरवडली की खाली मुरूम, विटांचे तुकडे, कुठे सिमेंटच्या गोणीचा कोपरा हाताला लागतो. लॉनच्या लाद्या अंथरण्याआधी फूटभर खोल खड्डा खणा, काठोकाठ पाणी भरा आणि तासाभराने पाहा. पाणी तसंच दिसलं तर माळी काहीही म्हणो, आधी भराव काढून माती बदला. खाडीलगतची खारट जमीन असेल तर पास्पालम गवत घ्या, ते खारं सोसतं. हरळीला सहा तास तरी थेट ऊन हवं, समोरच्या टॉवरची सावली पडत असेल तर रुंद पानांचं कार्पेट गवत बरं.

तुमच्यासाठी कोपऱ्यात तुती लावा. रासबेरीची हौस तिने पूर्ण फिटणार नाही, पण ऊन असेल आणि छाटणी करून पानं काढलीत तर नव्या फुटीवर फळ येतंच. गाडी लावता त्या बाजूला मात्र नको. पिकलेलं फळ फरशीवर पडलं की जांभळा डाग, आणि कोकीळ-बुलबुलांनी खाऊन काचेवर केलेला निराळा.

प्रश्न : महाबळेश्वरहून आणलेलं रासबेरीचं रोप गच्चीवर आहे. पाला भरपूर, काटेही भरपूर, फळ नाही. काय करू?
— एक वाचक, येऊरचा पायथा, ठाणे

उत्तर : छडीवर बोट फिरवून बघा. पांढरी भुकटी हाताला लागली तर बहुधा ती म्हैसूर रासबेरी. तिला थंडीची फार गरज नसते, फळ आधी लालसर आणि पिकलं की काळं-जांभळं. तसं असेल तर धीर धरा. बहुतेक रासबेरींची छडी पहिल्या वर्षी नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि मरते. दर दोन महिन्यांनी कात्री चालवलीत तर फळणारी छडीच उरत नाही. फळून वाळलेलीच तेवढी जमिनीलगत कापा. कुंडी मोठी घ्या, दुपारचं ऊन अडवा.

एक मात्र पाळा, कुंडीबाहेर तिला जमिनीत सोडू नका. वाकलेल्या छडीचं टोक मातीला टेकलं की तिथे नवं रोप. गालापागोस बेटांवर हीच जात रान गिळत सुटली आहे, आणि तुमच्या मागे तर येऊरचं जंगल.

प्रश्न : लॉनमध्ये रुंद पानांचं तण माजलंय. माळी टू-फोर-डी हे तणनाशक मारू म्हणतो. शेजारीच तुती आहे.
— एक वाचक, खारघर

उत्तर : नको. ते औषध रुंद पानांवरच चालतं आणि तुतीचं पान रुंदच आहे. खारघरच्या वाऱ्यात फवारा कुठे जाईल याचा भरवसा नाही. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असताना खुरप्याने मुळासकट उपटा. माळी कुरकुरला तर त्याला दोन तासांची वेगळी मजुरी द्या.