अक्षय की अक्षय्य? आणि आखाजीतला तो 'जी'

प्रश्न असा आलाय: "सोसायटीच्या फळ्यावर शुभेच्छा लिहायच्यात, अक्षय तृतीया लिहू की अक्षय्य तृतीया? कमिटीत दोन गट पडलेत, एक य वाले आणि दोन य वाले."

दोन्ही बरोबर आहेत, भांडू नका. पण त्या फळ्यावर खरी चूक वेगळीच होणार आहे आणि ती मला दर वैशाखात वाचावी लागते, ती म्हणजे "अक्षय तृतीयाच्या हार्दिक शुभेच्छा". तृतीयाच्या! अरे, शाळाच्या म्हणता का? पौर्णिमाचा चंद्र म्हणता का? शाळेच्या, पौर्णिमेच्या, प्रतिपदेच्या, तसंच तृतीयेच्या. आकारान्त स्त्रीलिंगी नामाचं सामान्यरूप एकारान्त होतं हे चौथीतलं पोरगं न शिकता बोलतं, आणि सोन्याच्या दुकानांच्या पानभर जाहिरातीत, टीव्हीच्या पट्टीवर, सगळीकडे "तृतीयाच्या मुहूर्तावर". वर त्यातला 'ती' ऱ्हस्व काढलेला. एक य की दोन य हा वाद नंतर घाला, आधी हे नीट करा.

आता क्षय म्हणजे झीज, अ लावला की झीज नसलेलं, हे सगळ्यांना माहितीये, ते सोडून देतो. मजा त्या दुसऱ्या य मध्ये आहे. संस्कृतात क्षि हा धातू, त्याला य लागला की नेहमीच्या रीतीने क्षेय व्हायला हवं, जसं जि चं जेय, ज्ञा चं ज्ञेय, दा चं देय. आणि तसं होतंही, पण अर्थ होतो 'करण्याजोगं, करायला हवं असं'. वैयाकरण उदाहरण देतात ते क्षेय पाप आणि जेय मन, म्हणजे पाप नाहीसं करायला हवं, मन जिंकायला हवं. पण 'करता येणं शक्य आहे' असं म्हणायचं असेल तर? त्यासाठी पाणिनीने वेगळं सूत्र केलंय, सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादात ८१ वं, क्षय्यजय्यौ शक्यार्थे. बस, एवढंच. क्षय्य म्हणजे ज्याची झीज होऊ शकते ते, जय्य म्हणजे जो जिंकला जाऊ शकतो तो. म्हणून अक्षय्य म्हणजे ज्याची झीज होणं शक्यच नाही ते.

फरक घरातल्या उदाहरणाने सांगतो. तांदळाचा डबा महिनाभर कुणी उघडला नाही आणि तो तेवढाच राहिला तर तो अक्षय. रोज दहा माणसांचं काढलं तरी कमी होणं त्याला जमतच नाही, तर तो अक्षय्य. पहिल्यात फक्त स्थिती सांगितलीये, दुसऱ्यात शक्यताच खोडून टाकलीये. एका य मध्ये एवढं काम. (लगेच पुढचं ८२ वं सूत्र क्रय्य या शब्दाचं आहे, विकायला मांडलेला माल तो क्रय्य, आणि जे विकत घेण्याजोगं ते क्रेय. माल मांडलेला आहे म्हणजे तो घ्यायलाच हवा असं नाही, हे दोन शब्दांत वेगळं करून ठेवलंय. सराफाच्या काचेपलीकडे असतं ते क्रय्य.) आणि अजय, अजेय, अजय्य यांच्या रांगेत मराठीने आपला स्वतःचा अजिंक्य घडवला, जिंकणे या आपल्या धातूला संस्कृतचा य जोडून, साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर तो आजही उभा आहे. संस्कृतच्या नियमात बसत नाही म्हणून त्याला नाकं मुरडणारे लोक मला बिलकुल पटत नाहीत.

तर एक गट म्हणतो अक्षय्य हेच शुद्ध, अक्षय हे हिंदीतून आलेलं अशुद्ध. हे साफ चूक आहे. हे लोक पुरावा म्हणून जो श्लोक दर वर्षी पाठवतात, मदनरत्न या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथातला म्हणून सांगतात तो, त्यातच स्पष्ट आहे, तेनाक्षयेति कथिता मुनिभिस्तृतीया. तेन अक्षया इति. एकच य. या तिथीला केलेलं हवन आणि दिलेलं दान क्षयाला जात नाही म्हणून मुनींनी हिला अक्षया म्हटलं. म्हणजे स्वतःच्या मताविरुद्धचा पुरावा स्वतःच फिरवत राहायचं आणि खाली लिहायचं 'कृपया शुद्ध लिहा'. दुसरा गट याच्या उलट, म्हणतो दुसरा य हा मराठी माणसाने उगाच चिकटवला, बोलताना जोर दिला म्हणून आला. त्यांनी ते ८१ वं सूत्र बघावं. आणि एक तिसरा गट आहे, त्यांचं म्हणणं हा शब्द मुळात इक्षु-तृतीया, इक्षु म्हणजे ऊस, कारण जैन परंपरेत ऋषभदेवांनी वर्षभराच्या उपासानंतर याच दिवशी हस्तिनापूरला श्रेयांस राजाच्या हातून उसाचा रस घेऊन पारणं केलं. कथा सुंदर आहे, वर्षीतपाचं पारणं आजही उसाच्या रसानेच करतात, पण इक्षुचं अक्षय कुठल्याही नियमाने होत नाही. कथा एका जागी, व्युत्पत्ती दुसऱ्या जागी.

आता मुद्द्याचं. दोन्ही रूपं शुद्ध असताना हिंदीत सरसकट अक्षय आणि आपल्याकडे पंचांगात, कॅलेंडरवर, जुन्या माणसांच्या तोंडी अक्षय्य, हे का? माझं मत मी कितीतरी वर्षं सांगतोय. श्राद्धात ब्राह्मणाच्या हातावर जे पाणी देतात त्याचं नाव आहे अक्षय्योदक. दोन य. याज्ञवल्क्यस्मृतीच्या श्राद्धप्रकरणात हा शब्द आलाय. पितरांना दिलेलं हे पाणी कधी न आटणारं होवो, असा त्यामागचा भाव. आणि आपल्याकडे वैशाख शुद्ध तृतीया हा मुळात कुणाचा दिवस आहे? सोन्याचा नाही. पितरांचा आणि पाण्याचा! उदककुंभ द्यायचा, म्हणजे पाण्याने भरलेली घागर दान करायची, गरिबाला छत्री, चपला, पंखा द्यायचा, वाटेवर पाणपोई घालायची. ज्या महिन्याला आपण वैशाख वणवा म्हणतो, जळगाव भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, विहिरी तळाला लागतात, त्या महिन्यात गेलेल्या माणसांना तहान लागली असेल असं वाटून त्यांच्यासाठी नवं मडकं भरून ठेवणं, यापेक्षा मोठा सण मला माहीत नाही. त्या पाण्याचा शब्द अक्षय्योदक आणि म्हणून तिथीचाही शब्द अक्षय्य, असं माझं ठाम मत आहे.

माझं आजोळ जळगावकडचं. आजी आदल्या दिवशीच कुंभाराकडची नवी घागर आणून धुवून ठेवायची. सकाळी ती भरायची, वर पाण्याची छोटी लोटी, लोटीवर खरबूज, शेजारी दोन आंबे आणि सांजोऱ्या. मग उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत एकेका माणसाचं नाव घ्यायची, सासऱ्यांचं, सासूचं, लहानपणी गेलेल्या दिराचं, आणि एक बोट ज्यांची नावं आठवत नाहीत त्यांच्यासाठी. दुपारी चुलीतल्या निखाऱ्यावर आगारी टाकायची, पुरणपोळी, आमरस, रशी, कुरडया, सगळ्यातला घास. तोवर घरात आंबा कुणी चाखायचा नाही. पाडाला आलेले आंबे माळ्यावर गवतात घमघमतायत आणि आम्ही पोरं नुसती वास घेत बसलोय, का तर आधी पितरांना! कोकणात, पुण्यातही कितीतरी घरांत हा नेम होता. देशावर काही घरांत घागरीऐवजी करा आणि केळी ही मातीची भांडी पूजतात. (करा म्हणजे संस्कृत करक, उत्तरेतल्या करवा चौथमधला करवा तो हाच.)

आणि संध्याकाळी तोच दिवस माहेरवाशिणींचा. कडुनिंबाला झोके, गौराईची गाणी, सासरहून आलेल्या पोरी. खानदेशात या सणाला आखाजी म्हणतात, शेतातल्या सालदाराचं सालही तिकडे आखाजी ते आखाजीच धरतात, बाकी ठिकाणी पाडव्याला धरतात. म्हणजे पितर, पाणी, लेकी आणि मजुरीचा हिशोब, सगळं एका तिथीवर आलंय. चैत्र शुद्ध तृतीयेला बसवलेली चैत्रगौर, आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, हळदीकुंकू, तेही याच दिवशी संपतं. परशुराम जयंती आणि महात्मा बसवेश्वरांची जयंतीही हीच. ज्यांना याची फक्त सोनं घ्यायची तारीख करून टाकायचीये त्यांनी निदान एक मडकं भरून दारात ठेवावं.

आता आखाजी. या शब्दासाठीच खरं तर एवढं लिहायला बसलो. लोक म्हणतात 'आखाजी हा अक्षय तृतीयाचा अपभ्रंश', आणि तो अपभ्रंश शब्द असा उच्चारतात की जणू खानदेशातल्या बायकांनी काहीतरी बिघडवलं. काहीही बिघडवलेलं नाही. क्ष चा प्राकृतात क्ख होतो, मग पुढे जोडाक्षर सुटून आधीचा स्वर लांबतो, म्हणून अक्षि चं अक्खि आणि त्याची हिंदीत आंख. तसंच अक्षय चं अक्खय आणि आखा. गंमत म्हणजे अक्षत, न मोडलेलं, अख्खं, त्याचंही प्राकृतात अक्खय असंच होतं आणि त्यातून आला आपला अख्खा. अख्खा मसूर खाताना तुम्ही अक्षताच खाताय! म्हणजे न मोडलेलं आणि न सरणारं हे दोन वेगळे संस्कृत शब्द प्राकृतात येऊन एकमेकांत मिसळून गेले.

राहिला जी. 'जी हा आदराचा' म्हणणाऱ्यांना मी उत्तर देत नाही, सणाला अहो-जाहो करायची पद्धत खानदेशात नाही. जाणकार मंडळी म्हणतात हा तीज मधला ज. तृतीया, तइज्जा, तीज. राजस्थानीत आखातीज, गुजरातीत अखात्रीज, म्हणून आपलं आखाजी. युक्तिवाद दमदार आहे, मान्य. ईय चा इज्ज होतो हे तर आपल्या भाऊबीजेतच आहे, ती बीज म्हणजे बी-बियाणं नाही, द्वितीया आहे, तुकाराम बीजही तशीच. पण मग मधला ती गेला कुठे? मराठीतच घाटावर, मराठवाड्यात आखिती, अकिती म्हणतात, तिथे ती शाबूत आहे आणि ज नाही. खानदेशात ती पूर्ण गायब आणि जी ठणठणीत. एकाच शब्दाची अशी वाटणी का व्हावी? यावर तीजवाले गप्प.

माझा तर्क वेगळा आहे. हेमचंद्राचं प्राकृत व्याकरण काढा, बाराव्या शतकातलं. त्यात नियम दिलाय की द्य, य्य आणि र्य यांचा ज होतो. अद्य चं अज्ज आणि आपला आज. कार्य चं कज्ज आणि आपलं काज. आणि य्य? शय्या चं सेज्जा, आणि आपली शेज. आता हाच नियम अक्षय्य ला लावा. अक्षय्या, अक्खज्जा, मग दोन्हीकडे जोडाक्षर सुटून स्वर लांबले, आखाज. त्याला स्त्रीलिंगी ई लागला की आखाजी! तृतीयेची गरजच नाही. तो ज म्हणजे अक्षय्य मधला दुसरा य आहे, तोच य जो सोसायटीतला एक गट खोडायला निघालाय. शय्येची शेज झाली तशी अक्षय्येची आखाज झाली. हे मी एका व्याख्यानानंतर एका प्राध्यापकांना सांगितलं तर ते म्हणाले, 'लोकांच्या तोंडी अक्षय्य कधी नव्हताच, तो भटजींचा शब्द'. पण घागर भरताना हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या घरात ऐकू येतच होता की! ज्या घरात दर श्राद्धाला अक्षय्यमस्तु कानावर पडतं तिथल्या बाईला तो शब्द परका कसा असेल? त्यांनी उत्तर दिलं नाही, घड्याळ बघितलं.

जाता जाता अजून एक, कारण तेही याच महिन्यात उफाळतं. पंजाबची वैशाखी म्हणजे आपल्या वैशाखाचा पहिला दिवस नव्हे. ती सौर आहे, सूर्य मेषेत जातो तेव्हा, १३ किंवा १४ एप्रिलला, त्या दिवशी आपल्याकडे बहुतेक वेळा चैत्रच चालू असतो. उत्तरेतला चांद्र वैशाखही आपल्या आधी पंधरा दिवस लागतो कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला. शुद्ध पक्ष मात्र दोघांचा एकच, म्हणून तृतीया आणि बुद्ध पौर्णिमा सगळीकडे एकाच दिवशी.

तर फळ्यावर अक्षय्य लिहा, जागा कमी असेल तर अक्षय लिहा, पण पुढे तृतीयेच्या. आणि ज्यांचं गाव तापीकाठचं, गिरणाकाठचं आहे त्यांना माझी विनंती आहे, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा की तिच्या आईच्या तोंडी नुसतं 'आखाज' असं, जी न लावता, कधी ऐकलं होतं का. कुठल्या गावाला ऐकलं तेवढं कळवा.