समुद्रालगतचे हॉटेल निवडताना : वाचकांचे प्रश्न

ग्रीसच्या बेटांवरील मुक्कामाविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी निवडली आहेत. बहुतेक पत्रांमधून ‘चांगले हॉटेल सुचवा’ अशी विनंती आहे. माझे उत्तर थोडे वेगळ्या ठिकाणाहून सुरू होते. आधी महिना ठरवावा, मग किनारा आणि शेवटी हॉटेल, कारण पहिल्या दोन गोष्टी चुकल्या तर पंचतारांकित खोलीही त्यांची भरपाई करू शकत नाही.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक आहोत. आमची मुलगी जर्मनीत राहते आणि यंदा आम्ही दोन महिने तिच्याकडे जाणार आहोत. त्या काळात सर्वांनी मिळून ग्रीसच्या एखाद्या बेटावर, समुद्रालगतच्या हॉटेलात आठवडाभर राहावे असा विचार आहे. मुलीच्या मनात सान्तोरिनी आहे. पत्नीला गुडघेदुखी आहे आणि नातू पाच वर्षांचा आहे. बेट कोणते निवडावे, केव्हा जावे आणि ग्रीसचा वेगळा व्हिसा लागेल का?
(एक वाचक, ठाणे)

सान्तोरिनी अतिशय सुंदर आहे, परंतु आपल्या कुटुंबासाठी मी ते सुचवणार नाही. छायाचित्रांत दिसणारी पांढरी घरे आणि निळे जलतरण तलाव समुद्रालगत नसून ज्वालामुखीने खचलेल्या भूभागाच्या काठावर, पाण्यापासून काहीशे फूट उंच कड्यावर आहेत. तिथल्या बहुतेक हॉटेलांत खोलीपासून न्याहारीच्या जागेपर्यंत जायलाही दगडी पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतात. पोहण्याचे किनारे बेटाच्या दुसऱ्या बाजूला, कामारी आणि पेरिसा येथे आहेत आणि तिथली काळी वाळू दुपारी इतकी तापते की अनवाणी चालवत नाही. दुखरे गुडघे आणि लहान मूल या दोहोंचा विचार केला तर क्रीट हे बेट अधिक योग्य ठरते.

क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे बेट आहे. त्याची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे 260 किलोमीटर असून हेराक्लिओन आणि हानिया या दोन्ही शहरांना विमानतळ आहेत. हंगामात जर्मनीतील अनेक शहरांतून येथे थेट विमाने जातात, त्यामुळे अथेन्सला विमान बदलण्याची गरज पडणार नाही.

आता महिन्याविषयी. कोकण किनाऱ्यावर आपण भरती-ओहोटीची वेळ विचारल्याशिवाय पाण्यात उतरत नाही. ग्रीसमध्ये ही काळजी जवळजवळ नसते, कारण भूमध्य समुद्राच्या या भागात भरती आणि ओहोटी यांतला फरक जेमतेम वीतभर असतो. तिथे पाहायचा असतो तो वारा. जुलै आणि ऑगस्टमध्ये क्रीटच्या उत्तरेकडील एजियन समुद्रावर ‘मेलतेमी’ नावाचा कोरडा उत्तरी वारा कधी कधी सलग काही दिवस जोराने वाहतो. आपल्याकडे समुद्र खवळतो तो बहुधा पावसाळ्यात, ढगांच्या साक्षीने. मेलतेमीच्या दिवसांत मात्र आकाश निरभ्र असते, ऊन लख्ख असते आणि तरीही उत्तर किनाऱ्यावर लाल बावटा फडकत असतो. खिडकीतून पाहणाऱ्याला बाहेर सर्व काही ठीक आहे असे वाटते, म्हणून हा इशारा मी आवर्जून देतो. क्रीटमधील बहुतेक मोठी हॉटेले याच उत्तर किनाऱ्यावर आहेत. मे महिन्यात वारा सौम्य असला, तरी पाणी अजून गार असते आणि पाच वर्षांचे मूल त्यात फार वेळ रमणार नाही. उन्हाळाभर तापलेले पाणी सप्टेंबरातही उबदार राहते, वाऱ्याचा जोर ओसरू लागलेला असतो आणि ऑगस्टमधली गर्दी उतरते. आपण सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरावा.

किनारा निवडताना दोन पर्याय माझ्या मनात आहेत. पहिला रेथिम्नो. शहराच्या पूर्वेला कित्येक किलोमीटर लांबीचा वाळूचा सपाट किनारा आहे आणि त्याच्या पश्चिम टोकाकडील हॉटेलांतून व्हेनिसकालीन जुन्या शहरात, बंदरावर आणि फोर्तेझ्झा किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत सपाट रस्त्याने चालत जाता येते. संध्याकाळी गाडी न काढता गावात फेरफटका मारता येणे हे सुख आठवड्याच्या मुक्कामात फार मोठे असते. दुसरा पर्याय हानियाच्या पूर्वेला असलेल्या अल्मिरिदा या छोट्या गावाचा. तिथला उपसागर लहान, उथळ आणि वाऱ्यापासून बराचसा सुरक्षित आहे. नातवाचे पोहणे हाच सहलीचा मुख्य हेतू असेल, तर अल्मिरिदा निवडावे. मोठ्यांनाही संध्याकाळी काही पाहायला-फिरायला हवे असेल, तर रेथिम्नो. बेटाच्या पूर्वेकडील एलौंदा येथील आलिशान हॉटेलांच्या जाहिराती आपल्या पाहण्यात येतील. तिथले पाणी शांत असते, परंतु अनेक हॉटेले डोंगरउतारावर टप्प्याटप्प्यांनी बांधलेली आहेत, त्यामुळे पत्नीच्या दृष्टीने तिथे आधी चौकशी करणे आवश्यक आहे.

हॉटेलच्या संकेतस्थळावरील ‘समुद्रालगत’ या शब्दावर विसंबू नये. रेथिम्नोमध्ये बऱ्याच ठिकाणी हॉटेल आणि वाळू यांच्यामध्ये किनाऱ्याचा रहदारीचा रस्ता आहे, आणि हानियाच्या पश्चिमेकडील प्लातानियास परिसरात हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना हॉटेले आहेत, त्यांतली निम्मी डोंगराच्या बाजूला. एकदा आम्ही अशाच शब्दांवर भरवसा ठेवून खोली घेतली आणि आठवडाभर, ओल्या टॉवेलांसह, दिवसातून चार वेळा तो रस्ता ओलांडला. तेव्हापासून मी नकाशाचे उपग्रहचित्र उघडून खोलीपासून पाण्यापर्यंतची वाट बोटाने चालून पाहतो. त्यानंतर हॉटेलला लेखी विचारावे की मध्ये रस्ता आहे का, आमच्या खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत, लिफ्ट त्या इमारतीत आहे की फक्त मुख्य इमारतीत, आणि पाण्यात उतरताना वाळू आहे की खडक. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण खडकांवर समुद्री साळिंदरे असतात आणि त्यांचा काटा पायात मोडला तर दोन दिवस वाया जातात. खडकाळ किनारा असेल तर सर्वांसाठी रबरी तळव्याचे पाण्यातले बूट न्यावेत. खोलीच्या वर्णनातील ‘साइड सी व्ह्यू’ म्हणजे गॅलरीत एका कोपऱ्यात उभे राहून मान वळवल्यावर दिसणारा समुद्र, हेही ध्यानात ठेवावे.

व्हिसाबाबत आपली स्थिती सोपी आहे. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, जिथे सर्वाधिक दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. आपले बहुतेक दिवस जर्मनीत जाणार असल्याने अर्ज जर्मनीकडेच करावा आणि प्रवासाच्या आराखड्यात क्रीटचा आठवडा स्पष्ट दाखवावा. कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहण्याची मुभा असते. प्रवास विमा किमान 30,000 युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी असावा. फक्त जर्मनीचे नाव असलेली पॉलिसी घेऊ नये. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात, त्यामुळे वेळ दवडू नये. जर्मनीहून क्रीटला जाताना एरवी पारपत्राची सीमातपासणी होत नाही, तरीही पारपत्र जवळ असलेच पाहिजे.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. आठवडाभर फ्रेंच फ्राइज खाऊन राहावे लागेल का? सोबत काय न्यावे?
(एक वाचिका, सांगली)

अजिबात नाही. ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथात वर्षातील कितीतरी दिवस मांस, दूध आणि अंडी वर्ज्य करून उपवास पाळण्याची परंपरा आहे आणि त्या परंपरेमुळे तिथल्या घरगुती स्वयंपाकात भाज्या-कडधान्यांचे पदार्थ विपुल आहेत. अशा उपवासाच्या पदार्थाला ‘निस्तीसिमो’ म्हणतात. हा एकच शब्द आपल्याला पुष्कळ मदत करील, फक्त त्यातली एक खोच लक्षात ठेवावी : त्यांच्या उपवासाला कोळंबी, माकूळ आणि अष्टपाद चालतात. म्हणून ‘होरीस क्रेआस, होरीस प्सारी, होरीस थालासिना’, म्हणजे मांस, मासे आणि समुद्री जीव यांच्याशिवाय, असे पुढे जोडावे.

क्रीटचा ‘दाकोस’ हा बार्लीच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो, मऊ चीज आणि ऑलिव्ह तेल घालून करतात. ‘होर्ता’ म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, वर तेल आणि लिंबू. ‘फावा’ ही पिवळ्या डाळीची घोटलेली पेस्ट घट्ट वरणाच्या इतकी जवळची आहे की घरच्या जेवणाची आठवण यावी. ‘यिगांतेस’ म्हणजे टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे पावटे. भात भरलेल्या टोमॅटो-मिरच्यांना ‘येमिस्ता’ म्हणतात. त्यांत कधी खिमा असतो, कधी नसतो. खिमा नसलेल्यांना तिथे ‘ओर्फाना’ म्हणजे ‘पोरके’ म्हणतात, आणि ते पोरकेच आपण मागायचे.

दोन ठिकाणी सावध राहावे. क्रीटमधील लग्नाचा भात ‘गामोपिलाफो’ दिसायला साधा पांढरा असतो, परंतु तो मांसाच्या रश्श्यात शिजवलेला असतो. पारंपरिक चीज घट्ट करण्यासाठी प्राण्यांच्या जठरातून काढलेले रेनेट वापरले जाते, त्यामुळे ज्यांना ते चालत नाही त्यांनी चीज टाळावे किंवा विचारून घ्यावे. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर मात्र हॉटेलच्या जेवणावर भागणे कठीण आहे आणि छोटे स्वयंपाकघर असलेली खोली घेणेच हिताचे. ग्रीसमध्ये अशा अपार्टमेंटांची प्रतवारी ताऱ्यांऐवजी चावीच्या चिन्हांनी, 1 ते 4, दाखवतात.

सोबत नेण्याविषयी एक नियम फारसा कोणी सांगत नाही. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून प्रवाशाने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे. त्यामुळे पेढे, तूप, पनीर घरीच ठेवावे. ताजे आंबेही आवश्यक प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. आपल्या गावचा भडंग, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि खाकरे नेण्यास हरकत नाही.

प्रश्न : ‘हाफ बोर्ड’ घ्यावे की ‘ऑल इन्क्लुसिव्ह’? शिवाय आगाऊ सर्व पैसे भरूनही हॉटेलात पोहोचल्यावर आणखी कर मागतात असे ऐकले, ते खरे आहे का?
(एक वाचक, नाशिक)

ते खरे आहे आणि त्यात फसवणूक नाही. ग्रीसमध्ये हवामान-आपत्ती निधीसाठी प्रत्येक खोलीमागे प्रत्येक रात्रीचा कर घेतला जातो आणि तो बहुधा हॉटेलच्या काउंटरवरच भरायचा असतो. 2025 पासून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात हा कर एक व दोन तारांकित हॉटेलांसाठी 2 युरो, तीन तारांकितसाठी 5, चार तारांकितसाठी 10 आणि पंचतारांकितसाठी 15 युरो आहे. दोन खोल्या, सात रात्री आणि चार तारे असा हिशोब केला तर 140 युरो होतात. ही रक्कम अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावी आणि दर पुन्हा बदलले नाहीत ना हे आरक्षणाच्या वेळी हॉटेलकडून कळवून घ्यावे.

हाफ बोर्ड म्हणजे न्याहारी आणि रात्रीचे जेवण. या जेवणात पेये, पुष्कळदा पाण्याची बाटलीसुद्धा, वेगळी आकारली जातात. ऑल इन्क्लुसिव्ह, म्हणजे सर्व जेवणे आणि पेये धरलेल्या, पद्धतीत हा हिशोब राहत नाही, परंतु पैसे आधीच भरलेले असल्याने माणूस हॉटेलच्या आवाराबाहेर पडत नाही आणि दोनशे पावलांवरच्या खानावळीतले ताजे जेवण चुकते. गावापासून दूर, एकाकी हॉटेल असेल तर हाफ बोर्ड घ्यावे. रेथिम्नोसारख्या शहरात केवळ न्याहारी पुरेशी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

किनाऱ्यावरच्या खाटा आणि छत्र्या यांचे भाडे वेगळे असते. ते देणे बंधनकारक नाही. ग्रीसमध्ये समुद्रकिनारा सार्वजनिक मालमत्ता आहे आणि हॉटेलसमोरच्या वाळूवरही कोणालाही आपली चटई अंथरून बसता येते. 2023 मध्ये पारोस बेटावरील रहिवाशांनी खाटांच्या अतिक्रमणाविरुद्ध हातात टॉवेल घेऊन आंदोलन केले, ते इतर बेटांवर पसरले आणि पुढच्याच वर्षी सरकारने नियम कडक केले.

प्रश्न : मुलांना दिवाळीची सुट्टी असते, तेव्हा क्रीटला जाता येईल का? आणि तिथे गाडी भाड्याने घेणे योग्य आहे का?
(एक वाचक, नागपूर)

दिवाळी ऑक्टोबरच्या मध्याला आली तर जरूर जावे. समुद्र तेव्हाही पोहण्याजोगा असतो. ती नोव्हेंबरात येत असेल तर हा बेत पुढे ढकलावा, कारण किनाऱ्यावरची बहुतेक रिसॉर्ट हॉटेले ऑक्टोबरअखेर बंद होतात आणि वसंतापर्यंत उघडत नाहीत. हेराक्लिओन आणि हानिया शहरांतली हॉटेले वर्षभर चालू असतात, पण मग तो समुद्रकाठचा मुक्काम राहत नाही.

गाडीसाठी भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो आणि तो निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतूनच काढावा लागतो. गाड्या भाड्याने देणाऱ्या काही कंपन्या तो न पाहता गाडी देतात, परंतु अपघात झाल्यास विमा नाकारला जाऊ शकतो. वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. माझा सल्ला असा की पूर्ण आठवडा गाडी घेऊ नये. उत्तर किनाऱ्यावरील शहरांना जोडणाऱ्या ‘केटेल’ या बससेवेच्या गाड्या चांगल्या आहेत आणि हेराक्लिओनहून क्नोसोस या प्राचीन राजवाड्याच्या उत्खननापर्यंत शहर बस जाते. क्नोसोसला सावली कमी आहे, म्हणून दरवाजे उघडतानाच पोहोचावे आणि ऊन चढल्यावर शहरातील पुरातत्त्व संग्रहालयात यावे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी 1900 मध्ये सुरू केलेल्या उत्खननातल्या अनेक मूळ वस्तू आणि भित्तिचित्रे तिथे आहेत.

दोन दिवसांसाठी गाडी घ्या. एक दिवस रेथिम्नोजवळचा आर्कादी मठ आणि कुर्नास हे गोड्या पाण्याचे तळे यांसाठी ठेवावा. दुसरा एलाफोनिसीच्या गुलाबी छटेच्या वाळूसाठी, पण मुक्काम हानियाच्या बाजूला असेल तरच. तो रस्ता घाटाचा आहे आणि हानियाहूनही एका बाजूला दीड तास लागतो. मुलांना गाडी लागत असेल तर गोळ्या सोबत असाव्यात आणि सकाळी सातपूर्वी निघावे, म्हणजे वाहनतळ भरण्याआधी पोहोचता येईल.