चर्चच्या पैशांना हात लावला होता. देव मला दुसरी संधी देईल का?

तुमचा प्रश्न नीट वाचला. युवक संघाचे पैसे तुमच्याकडे असायचे, अडचणीत त्यातले वापरलेत, पुढे भरलेत, पाळकांपाशी कबूलही केलंत. तरी क्षमा झाल्यासारखं वाटत नाही. उपासनेला जाता, पण प्रभुभोजनाआधी (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीआधी) उठून बाहेर येता. आणि सेवेत परत घेतील का, याचा घोर लागलाय.

माझ्या मते तुम्ही दोन प्रश्नांचा गुंता केलाय. देवाने क्षमा केली का, हा एक. माणसं पुन्हा भरवसा ठेवतील का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तुमच्या वाटण्यावर अवलंबून नाही. बायबलमधलं योहानाचं पहिलं पत्र (१:९) सांगतं की आपण पापं कबूल केली तर देव क्षमा करतो, कारण तो विश्वासू आणि न्यायी आहे. मन हलकं झालं पाहिजे अशी अट तिथे नाही. उलट त्याच पत्रात पुढे (३:२०) आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव मनापेक्षा थोर आहे, असं म्हटलंय. म्हणजे टोचणी राहते हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक होतं. तेव्हा प्रभुभोजनातून उठून जाऊ नका. तुम्हाला वाटतं ती नम्रता आहे. मला ती स्वतःच स्वतःला दिलेली शिक्षा वाटते, आणि ती द्यायला तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. (पाळकांनीच काही काळ थांबा म्हटलं असेल तर गोष्ट वेगळी, मग त्यांचं ऐका.)

दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागतो. येशूला तीनदा नाकारूनही पुन्हा सेवेत घेतलेल्या पेत्राचं उदाहरण तुम्हाला एव्हाना चारजणांनी दिलं असेल, म्हणून मी मार्काकडे वळतो. येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर निघालेला हा तरुण अर्ध्या वाटेत, पंफुल्यात त्यांना सोडून यरुशलेमेला परतला. का, ते ही हकीकत सांगणाऱ्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या बायबलमधल्या पुस्तकात सांगितलेलं नाही. पुढच्या फेरीला बर्णबा म्हणाला, याला घेऊ. पौल म्हणाला, नाही. दोघांचं इतकं वाजलं की वाटा वेगळ्या झाल्या: बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटावर गेला, पौल सीलाला घेऊन सूरिया आणि किलिकियाकडे. कोण बरोबर होतं याचा निवाडा त्या अध्यायात (१५) नाही, आणि मला ते फार आवडतं. पौलाने मार्काला क्षमा केली नव्हती असं म्हणवत नाही. पुढचा प्रवास खडतर होता आणि मागचा अनुभव ताजा होता, एवढंच. बर्णबाने मात्र जोखीम पत्करली. तो मार्काचा भाऊबंद होता हे पौलाच्या नावाच्या कलस्सैकरांस पत्रातून (४:१०) कळतं, तेव्हा थोडी माया नात्याचीही असेल. असू दे. त्याच ओळीत मार्क आला तर त्याचं स्वागत करा असं सांगितलंय, आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (४:११) तुरुंगातला पौल त्याला घेऊन ये म्हणतो, सेवेसाठी तो उपयोगी आहे म्हणून. मधली वर्षं मार्काने काय केलं याबद्दल फारसं काही लिहिलेलं नाही. पौलाकडे जाऊन ‘मला आता तरी घ्या’ म्हणाल्याचं तर कुठेच नाही.

मंडळीने, म्हणजे चर्चनेही हा प्रश्न कधी चुटकीसरशी सोडवलेला नाही. सन २५० च्या सुमारास रोमन सम्राट डेसियसने सर्वांनी देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला. कित्येक ख्रिस्ती लोकांनी भीतीने अर्पण केलं, काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हेच लोक मंडळीच्या दारात उभे! रोममधला धर्मगुरू नोवातियन म्हणाला, यांना परत घेणे नाही. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन, जो स्वतः त्या काळात लपून राहिला होता आणि त्याबद्दल बोलणीही खात होता, त्याने मधली वाट धरली: घ्यायचं, पण प्रत्येकाचं प्रकरण पाहून आणि प्रायश्चित्तानंतर. पुढे ३२५ साली नायकिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने जबरदस्ती नसताना विश्वास सोडलेल्यांना पूर्ण सहभागाआधी १२ वर्षांचा टप्प्याटप्प्याचा काळ घालून दिला. आज हे फारच कडक वाटतं, मलाही वाटतं. पण त्याच परिषदेने मरणाच्या दारात असलेल्याला प्रभुभोजन नाकारू नये असंही ठरवलं. दार बंद नव्हतं, रांग मात्र लांब होती.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पैशांचं काम परत मागू नका. कोणी आपणहून दिलं तरी एकट्याने घेऊ नका, दोघांच्या सह्यांची अट तुम्हीच घाला. खुर्च्या लावणं, आजाऱ्याला भेटणं, ज्यात हिशोब नाही असं काहीही करा. त्याला कमीपणा समजू नका.

आता तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य, जे तुम्ही घाईत ओलांडून गेलात. हिशोबात रक्कम कमी निघाली तेव्हा संशय संघातल्या दुसऱ्याच एका मुलावर गेला आणि तुम्ही गप्प राहिलात. पैसे भरले, पाळकांना सांगितलं. त्या मुलाला सांगितलंत का? तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून नाही असं धरतो. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, असं येशू सांगतो (मत्तय ५:२३-२४). मला वाटतं तुमची टोचणी इथली आहे, आणि ती प्रार्थनेने जायची नाही.

त्याला भेटा, फोनवर नको. ‘तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर’ अशी गुळगुळीत माफी मागू नका. पैसे मी घेतले, तुझ्यावर आळ आला तेव्हा मला माहीत होतं, मी बोललो नाही, एवढं सरळ सांगा. तो चिडेल. कदाचित माफ करणारही नाही, तो त्याचा हक्क आहे, त्याच्यामागे लागू नका. आणि ज्या बैठकीत त्याच्याकडे बोट गेलं, तिथेच खुलासा व्हायला हवा. पाळकांना तसं सांगा, पण बोला तुम्ही स्वतः.