ऑपरेशनचं लॉगबुक मोबाइलवर ठेवायला कोणतं ॲप चांगलं?

तुम्ही पुण्यात एमएस जनरल सर्जरीच्या पहिल्या वर्षाला आहात आणि केसेस नोंदवायला ॲप विचारताय. मी ॲप सुचवणार नाही, साधा गूगल फॉर्म करा.

माझं पहिलं लॉगबुक म्हणजे अप्पा बळवंत चौकातून आणलेलं जाड रजिस्टर. जुलैत स्कूटरच्या डिकीत पाणी शिरलं आणि दोन महिन्यांच्या केसेसची निळी शाई झाली. ऑपरेशन थिएटरच्या (ओटी) रजिस्टरमधून परत उतरवायला बसलो, तर तिथे सगळीकडे युनिट हेडचं नाव. मी हर्नियाची जाळी शिवली की नुसता रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं अवजार) धरून उभा होतो, ते कुठेच नाही. मग एक ॲप घेतलं. फोन बदलला, नोंदी जुन्या फोनबरोबर गेल्या.

फॉर्ममध्ये ऑपरेशनची तारीख, आयपीडी नंबर (भरती पेशंटचा क्रमांक), वय, लिंग, निदान, ऑपरेशन, इमर्जन्सी की प्लॅन्ड, माझी भूमिका आणि शेरा एवढंच ठेवा. रात्री तीनला अपेंडिक्स उरकल्यावर दहावा रकाना कोणी भरत नाही. फॉर्मवर आपोआप पडणारी वेळ ही भरल्याची असते, ऑपरेशनची नाही, म्हणून तारीख वेगळी. ऑपरेशनचं नाव टाइप करू नका, यादीतून निवडा. मी टाइप करायचो, तर एकच अपेंडिसेक्टमी तीन स्पेलिंगांनी तीन ठिकाणी मोजली गेली. भूमिकेचे पर्याय चारच: पाहिलं, असिस्ट केलं, देखरेखीखाली केलं, स्वतः केलं. इथे स्वतःला बढती द्यायचा मोह होतो. देऊ नका.

लिंक होम स्क्रीनवर ठेवा आणि ओटीचे कपडे बदलायच्या आधी भरा. 'घरी जाऊन भरू' म्हटलेली केस निदान माझ्याकडून तरी कधी भरली गेली नाही. ओटीत रेंज नसेल तर कोबोटूलबॉक्स हे फॉर्म बनवायचं दुसरं साधन बघा. त्याचं अँड्रॉइड ॲप नोंद फोनमध्ये धरून ठेवतं आणि नेट आलं की ती पाठवता येते.

पेशंटचं नाव कुठेही नको. फोटो तर नकोच. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आपोआप गॅलरीत, तिथून बॅकअपमध्ये जातात. आमच्याकडे चुलतबहिणीच्या लग्नाचे फोटो टीव्हीवर चालू असताना मध्येच खड्यांनी भरलेलं पित्ताशय आलं होतं. मावशीने श्रीखंडाची वाटी खाली ठेवली.

शेऱ्याचा रकाना त्या दिवशी रिकामाच राहतो. महिन्याभराने फॉर्मच्या नोंदी जमा होतात ती गूगल शीट उघडून तो भरा: जखम पिकली का, पुन्हा उघडावं लागलं का. कंटाळवाणं काम आहे, पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते याच रकान्याने.

कॉलेजच्या लॉगबुकातून मात्र सुटका नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) २०२३ च्या पीजी नियमांत ई-लॉगबुक आहेच, तेही आठवड्याला अद्ययावत करायचं. तुमच्या शीटवरून ते भरायला रविवारची पंधरा मिनिटं पुरतात.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मी शीटला पिव्होट टेबल (नोंदी गटवार मोजणारा तक्ता) लावलं. हर्निया, हायड्रोसील भरपूर. थायरॉइडसमोर मात्र 'असिस्ट' सोडून काही नाही. तो कागद छापून सरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि विचारलं, "आधी का नाही बोललास?" पुढच्या थायरॉइडला सर माझ्या समोरच्या बाजूला, असिस्टंटच्या जागी उभे होते.