विमानाच्या सामानात फुटलेल्या बियरच्या बाटल्या : भरपाई कोणाकडून आणि पुढच्या वेळी काय सांभाळावे?

प्रश्न : आम्ही सावंतवाडीजवळ राहतो. गोव्यातील मोपा विमानतळावरून बंगळुरूला मुलाकडे जाताना मी पेडण्यातील दुकानातून घेतलेल्या ६५० मिलीलिटरच्या बियरच्या सहा बाटल्या घरी आणल्या आणि टॉवेलात गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवल्या. बंगळुरूला बॅग हाती आली तेव्हा तिचा एक कोपरा तडकलेला आणि चाक निखळलेले होते. आतल्या दोन बाटल्या फुटल्या होत्या आणि बियरने भिजून पत्नीच्या पैठणीचा रंग उतरला होता. विमानतळावरील काउंटरवर नोंद करून चिठ्ठी दिली, परंतु ‘नाजूक वस्तूंची जबाबदारी कंपनीची नाही, टॅगवर तुमची सही आहे’ असे सांगून भरपाई नाकारली. याला आज चार दिवस झाले. पैठणी १८,००० रुपयांची आणि बॅग ४,५०० रुपयांची होती. दोन्हींची बिले आहेत. पुढच्या महिन्यात मेहुण्यांच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी अहमदाबादला जायचे असून मेहुण्यांनी बियर आणायला सांगितले आहे. भरपाई मिळेल का, आणि या वेळी बाटल्या कशा बांधाव्यात?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ‘चार दिवस’ ही आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. १९७२ च्या हवाई वाहतूक अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीतील नियम, केंद्र सरकारच्या जानेवारी २०१४ च्या अधिसूचनेने, देशांतर्गत प्रवासालाही काही फेरफारांसह लागू केलेले आहेत. त्यांतील नियम ३१ प्रमाणे, चेक-इन सामानाचे नुकसान झाले असल्यास सामान ताब्यात मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत विमान कंपनीकडे लेखी तक्रार पोहोचली किंवा रवाना झाली पाहिजे. तसे न झाल्यास, कंपनीने लबाडी केल्याचा अपवाद सोडता, पुढे दावाच चालत नाही. काउंटरवर मिळालेली चिठ्ठी हा चांगला पुरावा आहे, परंतु ती म्हणजे तुमची तक्रार असे गृहीत धरून स्वस्थ बसू नका. आजच कंपनीच्या तक्रार विभागाला ई-मेल पाठवा आणि त्याच मजकुराचे पत्र पोचपावतीसह टपालाने रवाना करा. त्यात प्रवासाची तारीख, विमानाचा क्रमांक, बॅगेच्या टॅगचा क्रमांक, काउंटरवरील नोंदीचा क्रमांक, बॅगेच्या कोपऱ्याचे व चाकाचे वर्णन आणि मागणीची रक्कम स्पष्ट लिहा.

बॅग दुरुस्तीला देऊ नका, ती आहे त्या स्थितीत ठेवा. फोटो ज्या फोनवर काढले त्या फोनमधील मूळ फोटो पुसू नका. पैठणी धुलाईला देण्यापूर्वी ड्रायक्लीनिंग करणाऱ्या जाणकाराकडून ‘डाग व रंग पूर्ववत होणे शक्य नाही’ किंवा ‘इतक्या खर्चात शक्य आहे’ असे लेखी मत घ्या, कारण नुकसानीची रक्कम ठरवताना त्याचा उपयोग बिलापेक्षाही अधिक होतो. वापरलेल्या साडीची खरेदीची पूर्ण किंमत मिळेलच असे मात्र धरून चालू नका.

आता टॅगवरील सहीविषयी. त्या सहीने तुमचा हक्क संपला असे कायदा मानत नाही. चेक-इन केलेले सामान कंपनीच्या ताब्यात असताना झालेल्या नुकसानीची जबाबदारी नियम १७ ने कंपनीवर टाकलेली आहे, आणि ही जबाबदारी झटकणारी किंवा कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी करणारी कोणतीही अट नियम २६ प्रमाणे निरर्थक ठरते. प्रवासी रांगेत उभा असताना, मागे माणसे खोळंबलेली असताना घेतलेल्या अशा सह्यांच्या आधारे पुढे लोकांना परत पाठवले जाते, हे मला मनापासून अन्यायाचे वाटते. तरीही कंपनीचा बचाव अगदीच पोकळ आहे, असे सांगून मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. सामानातील अंगभूत दोषामुळे किंवा गुणधर्मामुळे जितके नुकसान झाले तितक्यापुरती कंपनी सुटते, हे नियम १७ मध्येच म्हटलेले आहे, आणि प्रवाशाच्या स्वतःच्या निष्काळजीपणाने नुकसानीला हातभार लागला असेल तर नियम २० प्रमाणे भरपाई तेवढ्या प्रमाणात कमी होते. काचेच्या भरलेल्या बाटल्या केवळ टॉवेलात गुंडाळून रेशमी साडीशेजारी ठेवल्या, हा मुद्दा कंपनी नक्की मांडेल. त्यावर तुमचे उत्तर म्हणजे तो तडकलेला कोपरा आणि निखळलेले चाक. बाटल्यांच्या बांधणीत कितीही उणीव असली तरी तिच्यामुळे बॅगेचे चाक निखळत नाही. बॅगेवर बाहेरून जोराचा आघात झाला, एवढे त्यावरून दिसते, आणि तुमचा दावा याच मुद्द्यावर उभा राहील.

रकमेबाबत सांगायचे तर, देशांतर्गत प्रवासात सामानाच्या नुकसानीसाठी २०१४ च्या अधिसूचनेने प्रत्येक प्रवाशामागे २०,००० रुपयांची कमाल मर्यादा घातलेली आहे. सामान सोपवताना त्याचे विशेष मूल्य जाहीर करून, कंपनीने मागितल्यास जादा आकार भरला असेल, किंवा कंपनीच्या माणसांनी नुकसान होणार हे ठाऊक असूनही बेदरकारपणे ते घडवले हे सिद्ध झाले, तरच ही मर्यादा ओलांडता येते. तुमची बेरीज २२,५०० रुपये होते. मागणी २०,००० रुपयांची ठेवा आणि दाव्याचा खर्च वेगळा मागा. बियरची किंमत मागू नका. ती रक्कम किरकोळ आहे, बांधणीतील उणीव नेमकी तिथेच आहे, आणि त्या बाटल्या कोणत्या वाटेने आल्या हा प्रश्न, ज्याकडे मी पुढे येतो, तुम्ही आपणहून उभा करण्यात शहाणपण नाही. मात्र विचारले गेल्यास खोटे उत्तर देऊ नका.

कंपनीने दाद दिली नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाप्रमाणे तुम्हाला बंगळुरूला जाण्याची गरज नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळे ओरोसला सिंधुदुर्गनगरीतील जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करा. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण सात दिवसांची पहिली पायरी चुकली तर तिचा काही उपयोग होणार नाही.

बांधणीचा प्रश्न तुम्ही अहमदाबादच्या प्रवासासाठी विचारला आहे. तिथे बियर नेण्याचा विचारच सोडावा असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे शेवटी देतो. परंतु मुलाकडे बंगळुरूला तुम्ही पुन्हा जाल, म्हणून हे सांगणे आवश्यक आहे. विमान सुरक्षेच्या नियमांत मद्याची वर्गवारी अल्कोहोलच्या प्रमाणावरून होते. ७० टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेले मद्य नेताच येत नाही. २४ ते ७० टक्क्यांचे, दुकानातील मूळ सीलबंद बाटल्यांत, एका प्रवाशाला ५ लिटरपर्यंत नेता येते. आणि २४ टक्के किंवा त्याहून कमी अल्कोहोल असलेल्या पेयांना धोकादायक वस्तू म्हणून मर्यादा नाही. बियर या शेवटच्या वर्गात बसते, त्यामुळे तिच्यावर खरी मर्यादा वजनाची पडते. काचेची ६५० मिलीलिटरची भरलेली बाटली एक किलोहून अधिक भरते, हे लक्षात घेऊन हिशेब करा. घरून आणलेली बाटली केबिन बॅगेत चालत नाही. सुरक्षा तपासणीनंतरच्या दुकानातून घेतलेली, तिथेच सीलबंद पिशवीत दिलेली बाटली तेवढी सोबत ठेवता येते, आणि ती विमानात उघडायची नसते.

उंचीवरील दाबाने बाटल्या फुटतात, असा समज सर्वत्र आहे आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. प्रवासी विमानात सामानाच्या कप्प्यातही केबिनइतकाच दाब राखला जातो. तो साधारण २,४०० मीटर उंचीवरील हवेइतका असतो आणि कारखान्यात बूच लावलेली धड बाटली तो फरक सहन करते. बाटली फुटते ती काचेवर काच आदळल्याने, बॅग कोपऱ्यावर पडल्याने, किंवा आतल्या मोकळ्या जागेत हेलकावे खाल्ल्याने. विमानतळाच्या उन्हात तापलेल्या आवारात बॅग पडून राहिली की बियरमधील वायूचा दाब वाढतो, आणि आधीच सूक्ष्म तडा गेलेली बाटली अशा वेळी दगा देते. म्हणून ओरखडे उठलेली, पुन्हा भरलेली किंवा घरी बूच लावलेली बाटली मे महिन्याच्या उन्हात नेऊच नये. बाटल्या गार करूनही भरू नयेत, कारण त्यांना सुटणाऱ्या पाण्याने पुठ्ठा मऊ पडतो.

प्रत्येक बाटली प्रथम जाड, झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा, म्हणजे फुटली तरी बियर आणि काच तिथेच अडून राहील. त्या पिशवीत लहान मुलाचे एक डायपर बाटलीभोवती गुंडाळले तर सांडलेला द्रव ते शोषून घेते, आणि हा उपाय टॉवेलापेक्षा कितीतरी भरवशाचा आहे. त्यावर बबल रॅपचे तीन-चार वेढे द्या. बूड आणि मान यांना जास्त द्या, कारण मार तिथेच बसतो. मग बाटल्या खण असलेल्या जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या ठेवून ते खोके कडक बॅगेच्या मध्यभागी, चारी बाजूंनी, खाली आणि वर किमान पाच सेंटीमीटर मऊ कपडे राहतील असे बसवा. बॅग बंद करून हलवा. आतून आवाज आला किंवा काही सरकल्याचे जाणवले तर उघडून पोकळी भरा. शक्य असेल तिथे बाटल्यांऐवजी कॅन घ्या, कारण कॅन फुटला तरी काचा होत नाहीत. आणि रेशीम, कागदपत्रे, औषधे यांतील काहीही त्या बॅगेत ठेवू नका. बांधलेल्या बाटल्यांचा आणि बंद बॅगेचा फोटो विमानतळावर बॅग सोपवण्यापूर्वी काढून ठेवा; निष्काळजीपणाच्या आरोपाला यापेक्षा सोपे उत्तर नाही.

परंतु एवढी बांधणी करूनही तुमची खरी जोखीम विमानात नसून तुमच्या घरापर्यंतच्या रस्त्यावर आहे, आणि त्याचा तुमच्या पत्रात विचारही नाही, याची मला अधिक काळजी वाटते. गोव्यात घेतलेली बाटली तुम्ही बांधणीसाठी सावंतवाडीला आणलीत, म्हणजे ती महाराष्ट्रात आयात केलीत. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय अशी आयात, वाहतूक आणि बाळगणे हा गुन्हा आहे. ‘थोड्याच बाटल्या होत्या’ किंवा ‘दुसऱ्याच दिवशी परत गोव्यातून विमानाने जाणार होतो’ हा त्यावर बचाव नाही. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर राज्य उत्पादन शुल्क विभागाने गाडी थांबवली तर मालाबरोबर गाडीही जप्त होऊ शकते. मागच्या वेळी कोणी अडवले नाही, यावरून परवानगी होती असा अर्थ निघत नाही. म्हणून रिकामे खोके, पिशव्या, बबल रॅप घरून न्या, गोव्याच्या हद्दीवरील पत्रादेवी ओलांडल्यावर पेडण्यातील परवानाधारक दुकानातून बिलासह बियर घ्या, तिथेच बांधा आणि थेट मोपाला जा. मद्य राज्याबाहेर नेण्यावर गोव्याच्या १९६४ च्या अबकारी शुल्क अधिनियमाचे, आणि बंगळुरूला उतरल्यावर १९६५ च्या कर्नाटक अबकारी अधिनियमाचे नियंत्रण आहे. किती प्रमाणापर्यंत परवाना लागत नाही हे अधिसूचनांनी वेळोवेळी ठरते, म्हणून खरेदीपूर्वी दोन्ही राज्यांच्या अबकारी कार्यालयांत चौकशी करून मगच संख्या ठरवा. मोपाहून मुंबईला जाणार असाल तर तीही महाराष्ट्रातील आयातच ठरते, हेही ध्यानात असू द्या.

अहमदाबादबाबत मात्र संख्येचा प्रश्नच येत नाही. गुजरातमध्ये १९६० पूर्वीच्या मुंबई राज्याचाच तो १९४९ चा दारूबंदी कायदा आज गुजरातच्या नावाने, महाराष्ट्रापेक्षा पुष्कळ कडकपणे चालतो. परवान्याशिवाय मद्य आणणे, बाळगणे आणि पिणे हे तिन्ही तिथे दखलपात्र गुन्हे आहेत. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना जो परवाना मिळतो, तो तिथल्या अधिकृत दुकानातून ठरावीक प्रमाणात खरेदी करण्यासाठी आणि त्या व्यक्तीच्या स्वतःच्या वापरासाठी असतो. गोव्यातून भरून आणलेल्या बॅगेला किंवा साखरपुड्यातील पाहुण्यांना वाटण्याला त्याचे संरक्षण नाही. मोपाच्या काउंटरवर बॅग स्वीकारली गेली म्हणून अहमदाबादच्या विमानतळाबाहेर पोलीस काही विचारणार नाहीत, असे समजू नका, कारण विमान कंपनी पाहते ती विमानाची सुरक्षितता. राज्यात काय आणायचे याची परवानगी देण्याचा अधिकार तिला नाही. शिवाय बाटल्या मेहुण्यांच्या घरात सापडल्या तर गुन्हा त्यांच्यावरही दाखल होऊ शकतो, आणि तोही मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी. त्यांना आजच फोन करून स्पष्ट नकार कळवा. फोन झाल्यावर लगेच कंपनीचा ई-मेल लिहायला बसा, कारण सातपैकी तीनच दिवस उरले आहेत.